कृती ठरवण्याआधी पुरावा ठरवा : वर्गातल्या कृतींचं मूल्यमापन, टप्प्याटप्प्याने

आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा होता. सहावीतल्या एका मुलीने भेळ विकायला ठेवली होती. दुपारी डबा पालथा करून तिने पैसे मोजले आणि पळत आली, "बाई, एकशेतीस रुपये नफा!" डब्यात ३१० रुपये होते, सामानाला १८० लागले होते. वजाबाकी अगदी बरोबर. मी तिच्या नोंदीत लिहिलं, 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होते.' दुसऱ्या दिवशी तिची आई भेटली तेव्हा कळलं, की सकाळी सुट्ट्यांसाठी त्याच डब्यात तिने ५० रुपयांची चिल्लर घालून दिली होती आणि द्रोणांचे २० रुपये वेगळे दिले होते. म्हणजे विक्री २६० ची, खर्च २०० चा, नफा ६० रुपये. नफा-तोटा हा घटक त्या मुलीला कुठे अडतो ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि माझ्या नोंदीत त्याचा मागमूस नव्हता.

अशी नोंद बहुतेक शाळांत होते. कारण आपण आधी कृती ठरवतो, ती पार पाडतो, फोटो काढतो आणि सत्र संपत आलं की यातून काय तपासलं याचा विचार करायला बसतो. हा क्रम उलटा आहे. खाली दिलेला क्रम पाळला तर काम वाढत नाही, उलट सत्राच्या शेवटची नोंदींची धावपळ कमी होते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक मूल्यमापनाला (म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या तपासणीला) पहिली-दुसरीत ७० टक्के, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४० टक्के भारांश दिला. एवढं वजन ज्यावर आहे ते अंदाजाने भरणं मुलांवर अन्याय करणारं आहे.

उदाहरण म्हणून सहावीचा नफा-तोटाच शेवटपर्यंत घेते. बाकीचे विषय नंतर.

टप्पा १ : एकच अध्ययन निष्पत्ती निवडा

अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला जे करता यायला हवं ते. एका कृतीतून एक निष्पत्ती, फार तर दोन. बाजार भरवला की भाषा, गणित, परिसर, सहकार्य, स्वच्छता सगळंच तपासता येईल असं वाटतं. तसं करायला गेलं की एकही गोष्ट धड तपासली जात नाही.

निष्पत्ती लिहिताना क्रियापदाकडे बघा. 'समजतो', 'जाणतो' ही क्रियापदं डोळ्यांना दिसत नाहीत. 'काढतो', 'मोजतो', 'तुलना करतो', 'कारण सांगतो' ही दिसतात. आपली निष्पत्ती अशी : 'प्रत्यक्ष व्यवहारातला एकूण खर्च व विक्री शोधून नफा किंवा तोटा आणि त्याची शेकडेवारी काढतो.'

तपासा : हीच गोष्ट फळ्यावरच्या एका शाब्दिक उदाहरणाने तितकीच नीट तपासता येते का? येत असेल तर कृती कशाला? चाचणी घ्या, वेळ वाचेल. इथे येत नाही, कारण शाब्दिक उदाहरणात खरेदी किंमत छापलेलीच असते. खर्चात काय काय धरायचं हे मुलाला स्वतः शोधावं लागत नाही. नेमकी तिथेच ती मुलगी अडली होती.

टप्पा २ : हातात काय उरेल ते ठरवा

कृती संपल्यावर तुमच्याकडे काय राहणार आहे? कागद, वस्तू, मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण, की तुम्ही समोर बसून केलेली खूण? काहीच राहणार नसेल तर महिन्याने लिहिलेली नोंद आठवणीवर जाईल, आणि आठवणीत बोलकी मुलंच उरतात.

बाजाराच्या कृतीत पुरावा म्हणजे प्रत्येकाने एकट्याने, वर्गात बसून लिहिलेला हिशेबाचा कागद आणि त्याला जोडलेल्या चिठ्ठ्या. दुकान गटाने लावायला हरकत नाही. तिघांनी मिळून भेळ विकावी, पण हिशेब तिघांनी वेगवेगळा लिहायचा. गटाचा एकच कागद घेतला तर तुम्ही गटातल्या हुशार मुलाचं मूल्यमापन करता आणि तेच गुण आणखी दोघांना वाटता.

सावधान : घरून करून आणलेलं काम पुरावा म्हणून धरू नका. थर्माकोलचं सुबक मॉडेल, जिलेटीन कागदाने मढवलेली प्रकल्पवही, दुकानातून आणलेली छापील चित्रं यातून पालकांचा वेळ आणि पैसा कळतो. आईवडील उसतोडीला गेलेल्या, आजीजवळ राहणाऱ्या मुलाची वही साधी दिसते म्हणून त्याची श्रेणी खाली जाते, हे मी पुष्कळ पाहिलं आहे आणि ते थांबायला हवं. सामान घरून येऊ दे. काम वर्गातच झालं पाहिजे.

टप्पा ३ : निकष आणि स्तर आधी लिहा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि तोच टाळला की पुढचं सगळं मोडतं. कृती घेऊन झाल्यावर स्तर लिहायला बसलात तर समोर आलेल्या कागदांतला सर्वांत नीटनेटका कागद आपोआप 'उत्तम' ठरतो.

निकष तीन किंवा चार. बाजारासाठी चार : एकूण खर्च, एकूण विक्री, नफा-तोट्याची शेकडेवारी, पुढच्या वेळचा निर्णय. खर्च आणि विक्री मी मुद्दाम वेगळे ठेवले. द्रोणांचे पैसे विसरणं ही एक चूक आहे आणि चिल्लर विक्रीत धरणं ही दुसरी. दोन्ही एका निकषात कोंबल्या तर त्या मुलीला नेमकं काय शिकवायचं ते कळणार नाही.

स्तर लिहिताना 'उत्तम, चांगले, साधारण' या शब्दांना हात लावू नका. कागदावर काय दिसेल ते लिहा. खर्चाच्या निकषाचे चार स्तर असे :

स्तर ४ : विकत आणलेलं सगळं यादीत आहे, किरकोळ खर्चही आहे, आणि घरून आणलेल्या वस्तूंचीही (कांदे, तेल, गूळ) किंमत लावली आहे.
स्तर ३ : विकत आणलेलं सगळं आणि किरकोळ खर्च आहे. घरच्या वस्तू मात्र फुकट धरल्या आहेत.
स्तर २ : मुख्य सामान आहे, द्रोण, कागद, रिक्षाभाडं यांसारखे खर्च राहिले.
स्तर १ : खर्चाची यादी नाही, किंवा डब्यातली रक्कम म्हणजेच नफा धरला आहे.

शेकडेवारीच्या निकषात स्तर २ ला मी लिहिते, 'शेकडा काढला, पण विक्रीवर.' भेळेच्या हिशेबात ६० ला २०० ने भागायचं, ३० टक्के येतात. बरीच मुलं २६० ने भागतात. ही चूक इतकी नेहमीची आहे की तिला स्वतःची ओळ असलेली बरी.

तपासा : तुमचे स्तर दुसऱ्या शिक्षकाला द्या आणि एकच कागद दोघांनी वेगवेगळा तपासा. दोघांचा स्तर वेगळा आला तर शब्द बदला. वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोष वाक्यात असतो.

टप्पा ४ : मुलांच्या हातात द्यायचं पत्रक

एक पान पुरे. त्यात पाच गोष्टी हव्यात : तुम्ही कोण आहात, काय करायचं, काय वापरता येईल, वेळ किती, शेवटी काय द्यायचं. आमचं पत्रक असं होतं :

'शनिवारच्या बाजारात तुमच्या गटाचं दुकान आहे. काय विकायचं ते तुम्ही ठरवा. सामान आणताना प्रत्येक खर्चाची चिठ्ठी ठेवा. सोमवारी दोन तासिकांत प्रत्येकाने एकट्याने हिशेब लिहायचा : किती खर्च झाला, किती विक्री झाली, नफा की तोटा, शेकडा किती. शेवटी दोन-तीन ओळी लिहा : पुढच्या बाजारात तुम्ही काय बदलाल आणि का? चिठ्ठ्या आणि हिशेबवही वापरता येईल. कॅल्क्युलेटर चालेल.'

कॅल्क्युलेटरवर काही सहकाऱ्यांचा आक्षेप असतो. माझं म्हणणं एवढंच, की निष्पत्ती नफ्याची आहे, भागाकाराची नाही. जे तपासायचं नाही त्याचा अडथळा मुलाच्या वाटेतून काढा. वाचनात मागे असलेल्या मुलाला पत्रक वाचून दाखवा, लिहिता न येणाऱ्याला लेखनिक द्या. त्याने कृती सोपी होत नाही.

पत्रकासोबत निकषही द्या, मुलांच्या भाषेत. काय पाहिलं जाणार हे लपवून ठेवण्यात काही मिळत नाही. मात्र उत्तर निकषातून फुटणार नाही एवढं पाहा. 'द्रोणांचा खर्च धरला का?' असं लिहिलंत तर तपासायची गोष्टच संपली. 'सगळे खर्च शोधले का?' असं लिहा.

टप्पा ५ : आधी स्वतः करून बघा

पत्रक हातात घेऊन, घड्याळ लावून, स्वतः हिशेब लिहा. मग वरच्या वर्गातल्या दोन मुलांकडून करून घ्या, एक चुणचुणीत आणि एक सावकाश काम करणारं. तुम्हाला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट तरी मुलांना लागतो. सातवीतल्या मुलाने मला विचारलं, "बाई, उरलेली भेळ आम्ही खाल्ली तर ती विक्रीत धरायची का?" तो प्रश्न आधी आला म्हणून सोमवारी चाळीस मुलांकडून आला नाही. पत्रकात एक ओळ घातली.

टप्पा ६ : प्रत्यक्ष कृती

बाजाराच्या दिवशी हातात यादी ठेवा, पण सगळ्यांच्या नोंदी करायला जाऊ नका. त्या दिवशीचं काम म्हणजे मूळ आकडे जपणं. प्रत्येक दुकानाच्या डब्यात सकाळी किती चिल्लर होती ते स्वतः लिहून ठेवा. शेवटी रक्कम मोजताना गटासोबत उभ्या राहा. ते दोन आकडे तुमच्याकडे असले तर कुणाचाही हिशेब पडताळता येतो.

सोमवारी हिशेब लिहिताना जागा बदलून बसवा, एका गटाचे तिघे शेजारी नकोत.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गप्प राहणं. मूल अडलं की आपला हात आपोआप त्याच्या वहीकडे जातो. मदत करू नका असं मी म्हणत नाही, अडलेल्या मुलाला दोन तासिका बसवून ठेवणंही बरं नाही. आधी पाच मिनिटं थांबा. मग प्रश्न विचारा, 'सकाळी डबा रिकामा होता का?' तरीही अडलं तर सांगा, आणि त्या ओळीशेजारी 'म' लिहा. कागद तपासताना तो 'म' फार उपयोगी पडतो : हे त्याने मदतीने केलं, अजून एकट्याने करत नाही.

मोठ्या पटाच्या वर्गात तोंडी किंवा प्रात्यक्षिक कृती असेल तर एका तासिकेत पाच-सहा मुलंच पाहा. बाकीच्यांना लेखी काम द्या. चाळीस मुलं एका दिवसात पाहणं होत नाही, होतं ते फक्त खुणा करणं.

टप्पा ७ : तपासणी

एका मुलाचा पूर्ण कागद, मग दुसऱ्याचा, असं तपासू नका. आधी सगळ्यांचा खर्चाचा निकष, मग सगळ्यांची विक्री. यात दोन फायदे आहेत : मोजपट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते, आणि सुंदर अक्षराचा प्रभाव पुढच्या निकषावर सांडत नाही. नावाची बाजू दुमडून घ्या. वर्गात वर्षभर त्रास देणाऱ्या मुलाच्या कागदावर आपला हात आखडतो, हे कबूल करून तशी व्यवस्था केलेली बरी.

सावधान : तोटा झालेल्या मुलाला खालचा स्तर देऊ नका. त्याने तोटा नीट काढला आणि 'वडापाव उशिरा आणले, तोवर सगळ्यांनी डबा खाल्ला होता' असं कारण दिलं, तर तो वरच्या स्तरावर आहे.

टप्पा ८ : नोंद, प्रतिसाद आणि दुसरी संधी

वर्णनात्मक नोंद निकषांतूनच घ्या. 'मुख्य सामानाचा खर्च अचूक मांडते. किरकोळ खर्च धरणे आणि सुरुवातीची चिल्लर वेगळी काढणे यांत मदत लागते.' दोनच वाक्यं आहेत, पण पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोगी पडतील. 'गणितात रुची आहे' याने कुणाचं काही होत नाही.

कागद मुलांना परत द्या आणि एकच गोष्ट दुरुस्त करायला सांगा. मग आठ-दहा दिवसांनी छोटी दुसरी कृती द्या, संदर्भ बदलून : रोपवाटिकेतून आणलेली रोपं, किंवा शाळेच्या परसबागेतली मेथी. त्या मुलीने मेथीच्या हिशेबात बियाण्याची पुडी, शेणखत आणि जुडी बांधायच्या सुतळीचे तीन रुपयेसुद्धा धरले होते. सत्राची नोंद या दुसऱ्या कागदावरून करावी, पहिल्याची सरासरी काढून नव्हे.

गुण शेवटी. चार निकष, चार स्तर, एकूण १६. अकरा मिळाले तर दहापैकी सात. रूपांतर सत्राच्या शेवटी एकदाच करा. कागदावर आकडा आधी लिहिला तर मुलं आणि पालक खालच्या ओळी वाचत नाहीत.

इतर विषयांत हाच क्रम

मराठी : पाठ केलेलं भाषण हा पुरावा नाही. विषयाची चिठ्ठी वर्गातच द्या, पाच मिनिटं मुद्दे काढायला, दोन मिनिटं बोलायला. मग श्रोत्यांतून एक प्रश्न. प्रश्नाला दिलेलं उत्तर हाच मुख्य पुरावा, कारण ते कुणी लिहून दिलेलं नसतं. मूल अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणीत बोललं तर आशयाचा स्तर खाली आणू नका. प्रमाण मराठी हीच निष्पत्ती असेल तर तिचा निकष वेगळा लिहा.

विज्ञान : बाष्पीभवनाला पृष्ठभाग कसा कारण ठरतो, हे मुलांनी स्वतः तपासून दाखवायचं. प्रत्येकी ५० मिली पाणी एका ताटात आणि एका पेल्यात, दोन्ही एकाच जागी उन्हात, दोन तासांनी उरलेलं पाणी मापनपात्राने मोजायचं. अंदाज आधी पेनने लिहून घ्या, म्हणजे नंतर खोडला जात नाही. मुलं हमखास ताट उन्हात आणि पेला सावलीत ठेवतात. तेव्हा लगेच सुधारू नका, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे कळलं आहे का, तेच तर पाहायचं आहे. निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या मोजमापाशी जुळतो का ते पाहा, पुस्तकाशी नव्हे. 'ताटाला पाणी चिकटून राहिलं, म्हणून थोडं कमी मोजलं गेलं' असं कुणी लिहिलं तर तो सर्वांत वरचा स्तर. ही कृती जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका, विशेषतः कोकणात. हवाच इतकी दमट असते की फरक दिसायला दिवस जातो.

भूगोल : शाळेच्या आवाराचा आराखडा, पावलांनी मोजून, १ सेंमीला १० पावलं या प्रमाणात. सूची आणि उत्तर दिशा हवी. तपासणीचा सोपा आणि खरा मार्ग असा : आवारात एक वस्तू लपवा, तिची जागा आराखड्यावर खुणेने दाखवायला सांगा आणि तो कागद दुसऱ्या वर्गातल्या मुलाला द्या. त्याला वस्तू सापडली की आराखडा चालतो. भिंतीवरच्या नकाशामुळे अनेक मुलांना उत्तर दिशा म्हणजे 'वर' वाटते. म्हणून आराखडा काढताना कागद जमिनीवर ठेवायला लावा आणि मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा जुळवून घ्या.

इंग्रजी : दोघांना दोन वेगळी कार्डं द्या. एकाकडे वस्तूंची यादी, दुसऱ्याकडे किमती आणि संपलेल्या वस्तू. विचारल्याशिवाय खरेदी पूर्ण होऊच नये अशी मांडणी हवी. पाठ केलेले संवाद इथे कामाला येत नाहीत. व्याकरणाची चूक झाली, पण समोरच्याला अर्थ कळला, तर संवादाचा निकष पूर्ण धरा.

कला आणि शारीरिक शिक्षण : पहिला आणि तिसरा प्रयत्न, दोन्हींची नोंद तारखेसह ठेवा. एकाच दिवशीच्या चित्रावरून किंवा धावेवरून स्तर ठरवू नका.

सत्राला एका विषयात अशा दोन कृती पुरतात. प्रत्येक कृतीचं पत्रक, स्तरांचं पान आणि प्रत्येक स्तराचा एकेक नमुना कागद एका पाकिटात ठेवा, वर इयत्ता आणि घटक लिहा. पुढच्या वर्षी पाकीट उघडलं की टप्पा ३ पर्यंतचं काम तयार असतं. बदल करायचा तो मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपुरता, म्हणून ते प्रश्नही पाकिटाच्या मागे लिहून ठेवा. आमच्या पाकिटावर पहिली ओळ आहे : 'उरलेली भेळ खाल्ली तर?'